सावलीचा फळा

लोहगावच्या हँगरात, दाराजवळच्या भिंतीला
एक फळा होता. आम्ही त्याला सावलीचा फळा म्हणायचो.
प्रत्येक हत्याराची लाल रंगात काढलेली आकृती,
आकृतीवर खिळा, खिळ्यावर हत्यार.
पान्हा उचलला की मागे पान्ह्याची सावली उरायची,
आणि इंजिन चालू करण्याआधी
फळ्यावर कुठे लाल दिसता कामा नये.
एवढाच नियम. बालवाडीतल्या पोराला कळेल इतका.

गुरुवार होता. आमच्या भागातलं पाणी बंद.
बायकोने सकाळीच बजावलेलं, दोनच्या आत या, टँकर येणार आहे.
मी मनातल्या मनात बादल्या मोजत होतो
तेव्हा नेवसे इंटेकमधून उलटा सरकत बाहेर आला,
आधी बूट, मग गुडघे, सगळ्यात शेवटी डोकं,
आणि म्हणाला, "झालं."
माणूस असा की डब्यातल्या पोळ्यांच्याही घड्या एकसारख्या.
मी फळ्याकडे पाहिलं नाही.
नेवसेकडे पाहिलं
आणि सही केली.

चाकांना ठोकळे लावले. आगीची गाडी येऊन उभी राहिली.
कानांवर मफ चढवून मी बोट हवेत फिरवलं.
पन्नास टक्के. साठ. सत्तर.

आवाज मोठा नव्हता. हे कुणालाच पटत नाही.
धानोरीच्या गिरणीत गव्हातून खडा गेला की होतो तसा,
एक कट्,
मग झोपेत कुणी दात खावेत तसं काहीतरी.
गिरणीवाला पट्टा पाडतो, दगडाला टाकी लावतो,
शिव्या देतो, तासाभरात पुन्हा दळण सुरू.
इथे चौकशीला बसलेल्या साहेबांनी
आकडा वाचण्याआधी चष्मा पुसला.
अकरा कोटी काही लाख.
काही लाख, म्हणजे वरची चिल्लर.

नेवसेची बॅटरी होती.
तपकीर गल्लीतून आणलेली, पिवळी, प्लॅस्टिकची.
आणि फळा?
फळा पूर्ण होता.
फळ्यावरची सरकारी बॅटरी आपल्या जागेवर,
एक कणभर लाल दिसत नव्हतं.
मी पाहिलं असतं, दोनदा पाहिलं असतं,
बोट लावून मोजलं असतं, तरी सही केलीच असती.

"घरची बॅटरी का आणलीत?"
"आत अंधार होता, सर," नेवसे म्हणाला.
एवढंच. पुढे काही नाही.

कारण सरकारी बॅटरीचे सेल दीड महिन्यापासून मेलेले,
आणि दोन सेलांची मागणीची चिठ्ठी,
त्याच्याच सुबक अक्षरातली, तारीख घातलेली,
माझ्या टेबलाच्या खणात, चहाच्या कुपनांखाली,
सहीची वाट पाहत.

चिठ्ठी मी दाखवली. तिसऱ्या दिवशी.
मधले दोन दिवस माझे आहेत,
ते कुठल्याच कागदावर आलेले नाहीत.
मला ताशेरे, नेवसेला बदली, हँगराला नवं परिपत्रक.
जाताना त्याने माझ्याशी हात मिळवला.
हात स्वच्छ होता त्याचा, साबणाचा वास येणारा.
त्याला खणाचं ठाऊक होतं का,
हे मी विचारलं नाही, आणि तोही
बूट आधी, डोकं शेवटी, असा निघून गेला.

आता आम्ही धानोरीतच राहतो, चौथ्या मजल्यावर.
डोक्यावरून विमान गेलं की कपाटातल्या बशा वाजतात,
बायको बोलता बोलता थांबते, विमान संपलं की
त्याच शब्दापासून पुढे सुरू करते.
मी मात्र आवाज पूर्ण विरेपर्यंत घास गिळत नाही.

आणि दर गुरुवारी, टाक्या भरून झाल्या की,
फ्रिजवरची बॅटरी उतरवतो.
भर दुपारी तिचा उजेड दिसत नाही,
म्हणून काचेवर तळहात दाबून धरतो.
बोटं लाल दिसली की
चालू आहे.